नऊ वर्षांच्या मुलीला अभिनयाची ओढ आहे. इंदुरात राहून सुरुवात कशी करावी?

राजेंद्रनगरकर (इंदूर)

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी ९ वर्षांची असून चौथीत शिकते. गेल्या गणेशोत्सवात आमच्या वसाहतीच्या मंडळाने मुलांची एक नाटिका बसवली होती आणि तिच्यात हिला म्हातारीचे काम मिळाले होते. काम जेमतेम चार मिनिटांचे होते. पण त्यासाठी ती पंधरा दिवस माझ्या सासूबाईंच्या मागे मागे फिरत होती. जमिनीवरून उठताना त्या आधी कोणता हात टेकतात, चष्मा सापडला नाही की प्रथम कुठे चाचपतात, बोलता बोलता पदराचे टोक बोटाला कसे गुंडाळतात, हे सारे तिने कुणीही न सांगता टिपून घेतले होते. प्रयोगाच्या दिवशी सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. समोर स्वतःलाच पाहून त्या आधी हसल्या आणि मग डोळे पुसू लागल्या. त्या दिवसापासून मुलीने एकच धरून ठेवले आहे की मला हेच करायचे आहे.

आमच्या दोन्ही घरांत नाटक-सिनेमाशी संबंध असलेले कुणीही नाही. यजमान बँकेत आहेत, मी घरी शिकवण्या घेते. मागच्या महिन्यात मोबाइलवर एक जाहिरात आली की विजय नगर भागातील एका हॉटेलात मुलांचे ऑडिशन आहे. आम्ही तिला घेऊन गेलो. शंभराच्या आसपास मुले आली असावीत. हिने दोन वाक्ये म्हटली, एक गिरकी घेतली आणि पाच मिनिटांत आम्ही बाहेर पडलो. संध्याकाळी फोन आला की तिची निवड झाली आहे. आता फोटोंचा पोर्टफोलिओ, ‘आर्टिस्ट कार्ड’ आणि वर्षभराची नोंदणी यांसाठी ४५,००० रुपये दोन दिवसांत भरावेत, नाहीतर जागा दुसऱ्या मुलाला दिली जाईल. आम्ही मुदत मागून घेतली आहे, पैसे दिलेले नाहीत. परंतु फोन स्पीकरवर होता आणि ‘निवड झाली’ हे शब्द मुलीने ऐकले. आता ती रोज शाळेतून आल्यावर पुढे काय झाले ते विचारते.

सासूबाईंचे म्हणणे आहे की नाटक शिकू द्या, पण टीव्हीच्या नादी लावू नका. यजमानांना वाटते की बालकलाकार व्हायचे असेल तर वय हेच आहे, पुढे ते हातचे जाईल. मला दोघांचेही पटते आणि म्हणूनच निर्णय होत नाही. ही पैशांची मागणी रीतीची आहे का? मुंबईला राहायला गेल्याशिवाय या क्षेत्रात काही होत नाही, हे खरे आहे का? आम्ही घरी मराठी बोलतो, पण शाळा, मैत्रिणी आणि बाजार सगळे हिंदीत, त्यामुळे तिची मराठी हिंदी वळणाची झाली आहे. त्याची अडचण येईल का? आणि लहान मुलांच्या कामाचे तास, शाळा, पैसा यांविषयी काही कायदा आहे का? ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

रंगपट (इंदूर)

ताई, आधी पैशांविषयी लिहितो, कारण तिथे आपल्याला मुदत घातलेली आहे. हे पैसे देऊ नका. काम देणारा कलावंताला पैसे देतो, त्याच्याकडून घेत नाही; मध्ये कुणी एजंट असला तरी त्याचे कमिशन मिळालेल्या मानधनातून कापले जाते, कामाच्या आधी मागितले जात नाही. ऑडिशन देण्यासाठी लहान मुलाला कोणतेही कार्ड विकत घ्यावे लागत नाही. पोर्टफोलिओचे म्हणाल तर या वयात दुधाचे दात पडून नवे येत असतात, उंची वाढते आणि सहा महिन्यांत चेहरा असा बदलतो की महागडे फोटो निरुपयोगी होतात. आणि मुलीला हे आजच सांगा. तुझी निवड झाली नाही असे सांगू नका. ते निवड करणारे लोक नव्हते, फोटो विकणारे होते, हे जसे आहे तसे सांगा. मुलांना खरे कळते, आणि मोठ्यांनी गोलमोल उत्तर दिले की तेही अचूक कळते.

आता मुख्य विषयाकडे येतो. मी गेली वीस वर्षे इंदुरात उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांची नाट्यशिबिरे घेत आलो आहे, त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या मुलीने आजीकडून जे उचलले ती अभिनयाची पहिली पायरी आहे आणि ती तिला स्वतःहून सापडली आहे. आपल्याला आता एवढेच सांभाळायचे आहे की ती आपल्या हातून मोडू नये. ती बहुतेक वेळा घरातच मोडते. पालक प्रेमापोटी ‘इथे डोळे मोठे कर, इथे हात वर कर, इथे रडवेला आवाज काढ’ असे शिकवतात. मूल हुशार असते, ते सारे पाठ करते, आणि मग ‘मी पाणी पितो’ म्हणतानाही हाताची ओंजळ केल्याशिवाय त्याला वाक्य म्हणता येत नाही. शिबिरात अशी मुले आली की त्यांचे पहिले काही दिवस शिकलेले विसरण्यात जातात.

म्हणून आमच्याकडे सुरुवातीला संहिता हातात देतच नाही. दोन मुले समोरासमोर उभी राहून एकमेकांचा आरसा होतात. एक जण जे करील ते दुसऱ्याने त्याच क्षणी करायचे. त्यातून समोरच्याकडे खरोखर पाहण्याची सवय लागते. तापलेल्या फरशीवरून चालायचे, मग चिखलातून, मग झोपलेल्या बाबांना जाग येऊ न देता. त्यानंतर प्रसंग देतो: छत्री एक आहे, मुले दोन आहेत, पाऊस थांबत नाही आणि दोघांचे काल भांडण झालेले आहे. संवाद मुलांनीच शोधायचे असतात. आम्ही मुलाला ‘रड’ असे कधीही सांगत नाही; ‘तुझा मित्र गाव सोडून चालला आहे आणि त्याने ते तुला सांगितले नाही’ एवढेच सांगतो, पुढे जे येईल ते त्याचे असते. संहिता आली की संवाद आधी सपाट, कोणताही चढउतार न करता पाठ करून घेतो, म्हणजे चढउतार समोरच्याचे बोलणे ऐकून येतात, घरून ठरवून आणलेले नसतात. आवाजाचा सराव वेगळा चालतो: पोटातून श्वास घेऊन, न ओरडता, शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाईल असे बोलायचे.

मराठीत मुलांच्या नाटकाचा स्वतंत्र आणि गांभीर्याने विचार व्हावा म्हणून सुधा करमरकर यांनी १९५९ साली मुंबईत लिटल थिएटर सुरू केले आणि पुढे रत्नाकर मतकरी यांनी बालनाट्यासाठी आयुष्याची कितीतरी वर्षे दिली. आपल्या गावालाही मोठी परंपरा आहे. बाबा डिके यांच्या नाट्यभारतीने इंदुरात मराठी नाटक रुजवले आणि सानंद न्यासामुळे मुंबई-पुण्याची नाटके आज आपल्याला इथे बसून पाहायला मिळतात. तिला नाटकाला नेत जा. घरी आल्यावर ‘आवडले का’ एवढेच विचारून थांबू नका. ‘ती बाई खोटे बोलते आहे हे तुला केव्हा कळले?’ असे विचारा. मूल विचार करू लागते आणि पुढच्या नाटकाला अधिक सावधपणे बसते. मंडळात नाटक बसत असेल आणि तिला काम नसेल तरी पाठवा. प्रॉम्प्टिंगची वही सांभाळणे, रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू क्रमाने मांडून ठेवणे, या कामांतून नाटक आतून कळते.

भाषेविषयी आपण काळजी करता, पण दोन भाषा हा मला तिचा लाभ वाटतो, मात्र दोन्ही स्वच्छ हव्यात. आपल्याकडच्या मुलांचा ‘ळ’ हळूहळू ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, आणि ‘चमचा’तला ‘च’ व ‘चिमणी’तला ‘च’ वेगळे आहेत हे कानाला कळेनासे होते. उलट हिंदीत ‘ज्ञान’ शब्द मराठी उच्चाराने आला की जाणकार लगेच ओळखतो. आपली इंदुरी हिंदी गोड आहे, ‘हो रिया है’ म्हणणारे पात्र मिळाले तर ती कामालाच येईल. परंतु पात्र दरवेळी इंदूरचे नसते. रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचन करून घ्या, एक दिवस मराठी आणि एक दिवस हिंदी. चूक झाली की मध्ये टोकू नका, परिच्छेद संपल्यावर सांगा.

वय निघून जाईल, या आपल्या यजमानांच्या भीतीविषयी एक सांगावेसे वाटते. अभिनयाचे रीतसर शिक्षण मोठेपणीच सुरू होते. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात पदवी झाल्यावर प्रवेश मिळतो. भोपाळला २०११ पासून मध्यप्रदेश नाट्य विद्यालय आहे. इंदूरच्या मराठी घरात वाढलेले स्वानंद किरकिरे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकून मग मुंबईला गेले आणि गीतलेखन व अभिनय या दोन्हींसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मुलगी १० वर्षांची झाली की केंद्र सरकारच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राच्या शिष्यवृत्तीचीही चौकशी करा. ती १० ते १४ वर्षांच्या मुलांसाठी असते आणि तिच्यात नाट्याचाही समावेश आहे. माझे स्वतःचे मत असे आहे की तेरा-चौदा वर्षांपर्यंत तिला रंगमंचावरच वाढू द्यावे, कॅमेऱ्यापुढे नेऊ नये.

अवंतिकेचा प्रवासी (इंदूर)

ताई, मीही एक आई आहे आणि हे लिहिताना हात थोडा जड होतो आहे. माझा मुलगा ८ वर्षांचा असताना त्याची एका हिंदी मालिकेसाठी निवड झाली. फसवणूक नव्हती, काम खरे होते आणि मानधनही मिळाले, उशिरा का होईना. मी त्याला घेऊन मुंबईजवळ नायगावला भाड्याच्या घरात राहिले. यजमान आणि मोठी मुलगी इंदुरात राहिले. पंधरा दिवसांतून एकदा ते दोघे शुक्रवारी अवंतिका एक्स्प्रेसने यायचे आणि रविवारी परत जायचे. अकरा महिने आमचे घर असे दोन गावांत वाटले गेले होते. मोठी मुलगी तेव्हा आठवीत होती. त्या वर्षी तिच्या वाट्याला आई आली नाही, हे तिने मला पुष्कळ नंतर, एकदाच आणि अगदी शांतपणे सांगितले.

कायद्याविषयी आपण विचारले आहे. त्या वेळी मला काहीच ठाऊक नव्हते, नंतर मी सगळे वाचून काढले. बालकामगारांविषयीचा मूळ कायदा १९८६ चा आहे. २०१६ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १४ वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यावर सरसकट बंदी आली. बालकलाकारांना तिच्यातून सवलत आहे, पण ती अटींसह आहे, आणि त्या अटी २०१७ च्या नियमांत दिल्या आहेत. मुलाने दिवसाला ५ तासांहून अधिक काम करता कामा नये आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून अधिक नाही. सलग २७ दिवसांहून अधिक काम देता येत नाही. ज्या जिल्ह्यात चित्रीकरण होणार आहे तेथील जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने आधी घ्यायची असते आणि तिच्यासोबत मुलांची यादी, पालकांची संमती व मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणावर आहे त्याचे नाव द्यायचे असते. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती सेटवर असायला हवी. शाळा तुटणार नाही अशी सोय निर्मात्याने करायची असते. मुलाच्या कमाईतील किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत थेट जमा व्हायला हवी. ती त्याला सज्ञान झाल्यावर मिळते. आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला कामाला लावता येत नाही, हेही नियमातच लिहिलेले आहे.

आमच्या सेटवर ५ तास मोजले जायचे, पण ते कॅमेऱ्यापुढचे तास असायचे. मेकअप करून, पोशाख चढवून मूल खोलीत बसून राहिले तर ते काम धरले जात नसे. सकाळी नऊला गेलेला माझा मुलगा कितीतरी वेळा रात्री आठला परत यायचा. मी एकदा विचारले तेव्हा ‘सगळ्यांच्या आया थांबतात’ असे उत्तर मिळाले आणि मी गप्प बसले. आज मी गप्प बसणार नाही. आपण कधी या टप्प्यावर पोहोचलात तर सेटवर पोहोचण्याची आणि निघण्याची वेळ करारात लिहून घ्या, मूल नजरेआड होणार नाही अशी जागा मागून घ्या, आणि त्या दिवशी कोणता प्रसंग चित्रित होणार आहे ते आदल्या दिवशीच विचारा. रडण्याचा प्रसंग असेल तर मुलाला कसे रडवणार आहात, हे तर विचाराच. आमच्या सेटवर एका मुलीला ‘तुझी आई तुला सोडून गेली’ असे खोटेच सांगून रडवले होते. प्रसंग उत्तम झाला, असे सगळे म्हणाले. ती मुलगी मात्र त्यानंतर आईचा हात सोडायला तयार होत नसे.

मग एका गुरुवारी फोन आला की मालिका लीप घेते आहे. कथा पंधरा वर्षे पुढे गेली, माझ्या मुलाचे पात्र तरुण झाले आणि त्याच्या जागी दुसरा नट आला. दैनंदिन मालिकेत हे नेहमीचे आहे, त्यात कुणाचा दोष नाही. पण जी माणसे त्याला अकरा महिने रोज उचलून घेत होती, त्यांपैकी कुणी भेटणार नाही, हे नऊ वर्षांच्या मुलाला समजावून सांगणे फार कठीण गेले. आम्ही इंदूरला परतलो. गणितात तो वर्षभर मागे पडला होता, तो भरून काढायला दोन वर्षे लागली.

एवढे लिहूनही मी आपल्याला ‘करूच नका’ असे सांगणार नाही. त्याला काम करताना मिळणारा आनंद मी पाहिलेला आहे आणि आजही तो कॉलेजच्या नाटकांत काम करतो. माझे सांगणे इतकेच आहे की दैनंदिन मालिकेसाठी घर हलवू नका. ज्या कामाचे दिवस आधीच ठरलेले असतात, अशी जाहिरातीची किंवा चित्रपटाची चार-आठ दिवसांची कामे सुट्टीत करता येतात. महेश्वर, चंदेरी, भोपाळ या भागांत हल्ली चित्रीकरणे होत असतात आणि लहान भूमिकांसाठी जवळपासची मुले शोधली जातात. महेश्वरला काम असेल तर परवानगी खरगोनच्या जिल्हाधिकाऱ्यांची लागेल. ती घेतली आहे का, हे विचारायला संकोच करू नका. या प्रश्नाने ज्याचा चेहरा बदलेल, त्याच्याकडे मुलीला पाठवू नका.

सयाजीगंज (वडोदरा)

मी करसल्लागार आहे, त्यामुळे फक्त पैशांच्या बाजूविषयी लिहितो. अल्पवयीन मुलाचे उत्पन्न एरवी आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक असेल त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. परंतु मुलाने स्वतःच्या कलेने किंवा कौशल्याने मिळवलेले मानधन यास अपवाद आहे, ते मुलाचेच उत्पन्न धरले जाते. मात्र तेच पैसे मुदत ठेवीत ठेवल्यावर जे व्याज मिळते ते पालकाच्या उत्पन्नात मिळवावे लागते, आणि इथे अनेकांची चूक होते. मुलीच्या नावाने पॅन काढता येतो आणि काम करायचे ठरले तर तो आधीच काढावा. निर्मिती संस्था मानधनातून कर कापून घेते. एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर पालकाने मुलीच्या वतीने विवरणपत्र भरून तो परत मिळवता येतो. मानधन पालकाच्या खात्यात न घेता मुलीच्या खात्यात घ्यावे, म्हणजे पुढे हिशेब स्वच्छ राहतो.

मुरारचा मुलगा (मूळ ग्वाल्हेर, सध्या मुंबई)

मी मुंबईत कास्टिंगमध्ये, म्हणजे भूमिकांसाठी कलाकार निवडण्याच्या कामात, सहायक आहे. रंगपट काकांचे पहिले सर्व म्हणणे मला मान्य आहे, परंतु तेरा-चौदा वर्षांपर्यंत कॅमेराच नको, या मताशी मी आदरपूर्वक असहमत आहे. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्याची सवय झालेल्या मुलाचा अभिनय कॅमेऱ्यापुढे गरजेपेक्षा मोठा वाटतो आणि तो कमी करायला वेळ लागतो. दोन्ही गोष्टी लहानपणी शेजारी शेजारी चालल्या तर मुलाला आपोआप कळते की इथे किती आणि तिथे किती. शिवाय आज त्यासाठी मुंबईला यावे लागत नाही. पहिली निवड आम्ही बहुतेक वेळा घरून पाठवलेल्या व्हिडिओवरूनच करतो, त्याला आमच्याकडे सेल्फ टेप म्हणतात. इंदूरच्या मुलाचा व्हिडिओ आणि अंधेरीच्या मुलाचा व्हिडिओ एकाच पडद्यावर, एकामागून एक पाहिला जातो.

तो कसा करावा, हे सांगतो, कारण चांगली मुले केवळ व्हिडिओ नीट नसल्यामुळे मागे पडलेली मी रोज पाहतो. मोबाइल आडवा, मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि स्थिर ठेवा. स्टँड नसेल तर पुस्तकांच्या चळतीवर ठेवला तरी चालतो. तिला खिडकीकडे तोंड करून उभे करा, खिडकी पाठीमागे असली तर चेहरा काळा दिसतो. मागे साधी भिंत असावी. पंखा आणि कुकर बंद ठेवा, आवाज फार महत्त्वाचा असतो. आधी ओळख घ्या: नाव, वय, उंची, शहर, येणाऱ्या भाषा, मग डावी आणि उजवी बाजू दाखवा. लिपस्टिक आणि पावडर लावू नका, लग्नातला पोशाख घालू नका. प्रसंगात समोरच्या पात्राचे संवाद म्हणणारी व्यक्ती कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी बसलेली असावी आणि तिने हळू आवाजात, साधेपणाने बोलावे. अनेक व्हिडिओंत मुलापेक्षा आईचा अभिनयच अधिक ऐकू येतो. मुलीने त्या व्यक्तीकडे पाहून बोलायचे, कॅमेऱ्यात पाहायचे नाही. संवादात एखादा शब्द मागेपुढे झाला तर व्हिडिओ पुन्हा घेऊ नका. दोन-तीनदा घेतल्यावर थांबा, कारण मूल थकले की चेहऱ्यावर ते सर्वांत आधी दिसते.

आणि उत्तर आले नाही तर ते मुलीचे अपयश समजू नका. पुष्कळदा आई-वडिलांची भूमिका करणारे नट आधीच ठरलेले असतात आणि मूल त्यांच्यासारखे दिसावे लागते. कधी उंची दोन इंचांनी जास्त असते. हे आम्ही कधी कळवत नाही, आणि ते चुकीचे आहे असे मला वाटते, पण रोज येणाऱ्या व्हिडिओंची संख्या पाहता ते घडत नाही. म्हणून व्हिडिओ पाठवला की तो विषय घरात संपवावा. ‘उत्तर आले का’ असे मुलीने विचारावे इतकी ती गोष्ट घरात मोठी होऊ देऊ नका.

राजेंद्रनगरकर (इंदूर)

आपण सर्वांनी वेळ काढून इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल कशा शब्दांत आभार मानू, हे समजत नाही. काल संध्याकाळी मी मुलीला समोर बसवून हॉटेलातल्या त्या माणसांविषयी खरे ते सांगितले. ती थोडा वेळ रडली. मग तिने विचारले, ‘पण माझे काम त्यांना आवडले होते का?’ मी सांगितले की त्यांनी ते पाहिलेच नव्हते. यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘आजीने पाहिले होते.’ आज सकाळी यजमानांनी फोन करून नकार कळवला.

अवंतिकाताई, आपल्या मोठ्या मुलीविषयीचे वाक्य मी यजमानांना दोनदा वाचून दाखवले. आमचाही धाकटा मुलगा ५ वर्षांचा आहे. घर हलवायचे नाही, हे आता नक्की ठरले आहे. मे महिन्यात शिबिराला पाठवू आणि घरी सुट्टीच्या दिवशी एखादा व्हिडिओ करून पाहू, तो कुठेही न पाठवता. रंगपट काका, मोठ्याने वाचनासाठी नेमके काय द्यावे? तिच्या मराठीच्या पुस्तकातले धडे संपत आले आहेत, कारण शाळेत मराठी नाही आणि जे आहे ते मी पुण्याहून आणलेले आहे.

रंगपट (इंदूर)

ग्वाल्हेरच्या मित्राचे म्हणणे मी विचारात घेतो. कॅमेरा आणि रंगमंच शेजारी शेजारी चालावेत, या त्यांच्या मुद्द्यात तथ्य आहे, आणि माझ्या शिबिरात यंदा एक दिवस तसा करून पाहीन.

वाचनासाठी पुस्तक शोधण्याआधी आजींना विचारा. त्यांच्या लहानपणच्या गोष्टी, माहेरच्या गावातल्या माणसांच्या आठवणी त्यांच्या तोंडून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्या आणि मुलीला त्या ऐकून स्वतःच्या हाताने वहीत उतरवायला सांगा. मग तेच तिने मोठ्याने वाचावे, आजींसारखे नाही, स्वतःच्या आवाजात. ‘ळ’ आणि ‘ण’ आजींच्या बोलण्यात जिथे जिथे येतील तिथे तिने पेन्सिलीने खूण करावी. वही भरली की शिबिराला येताना सोबत आणा, तिच्यातला एखादा प्रसंग आपण मुलांकडून बसवून घेऊ. शिबिर १ मेपासून आहे, सकाळी ८ वाजता, आणि पहिल्या दिवशी आजींनाही घेऊन या.